टेबलाच्या फळ्या जोडायला बिस्किट जॉइंट: मशीन घ्यावं का?

अर्धवट_सुतार

मंडळी, गावचं जुनं घर उतरवलं. माजघराचं दार आणि माळ्याच्या काही फळ्या मी हट्टाने ठाण्याला आणल्या. सागवान आहे. वखारवाल्याने नखाने खरवडून, वास घेऊन 'सीपी साग असणार' असा निकाल दिलाय. खिळे उपटून रंधा मारल्यावर जाडी 21-22 मिमी उरते, रुंदी चार ते पाच इंच. अशा सात फळ्या कडेला कड लावून पाच फूट बाय अडीच फुटांचं जेवणाचं टेबल करायचंय.

माझी कार्यशाळा म्हणजे चार बाय नऊची बाल्कनी. त्यात वॉशिंग मशीनही आहे. हत्यारं म्हणाल तर ड्रिल, हातकरवत, सर्क्युलर सॉ, आजोबांचा लोखंडी रंधा आणि सहा बार क्लॅम्प. व्हिडिओत सगळे ते बिस्किट जॉइनर वापरताना दिसतात. कडेला खाच, खाचेत लाकडी चकती, फेविकॉल, झालं. मशीन दहा-बारा हजारांच्या घरात दिसतंय. एका टेबलासाठी घ्यावं का? नुसत्या फेविकॉलने फळ्या टिकतील का? बिस्किटं किती लागतील?

---

खाऱ्या_शेंगा

शीर्षक वाचून चहा घेऊनच बसलो. पारले की मारी?

---

पाचर

आधी एक गैरसमज काढून टाका. तुमच्या जोडात बिस्किट ताकदीसाठी नसतं. कडेला कड लावता तेव्हा दोन्हीकडे लाकडाचे उभे रेषे समोरासमोर येतात आणि तो जोड चांगल्या पीव्हीए (फेविकॉलसारख्या) गोंदाने लाकडाइतकाच पक्का होतो. कड सरळ असेल तर. उद्या हातोडा घालून फोडलात तर बहुतेक वेळा जोड सोडून शेजारचं लाकूड फाटेल.

मग बिस्किट कशाला? पाच फुटी फळी कधीच पूर्ण सपाट नसते. गोंद लावून क्लॅम्प आवळला की फळ्या एकमेकींवरून सरकतात, एक वर, एक खाली. बिस्किट त्यांना एका पातळीत धरून ठेवतं. लांबीच्या दिशेने मात्र दोन-तीन मिमी सरकू देतं, कारण खाच बिस्किटापेक्षा थोडी लांब असते. म्हणून आखणीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. डोव्हेलला, म्हणजे गोल लाकडी खुंटीला, ही माफी नाही.

मापं अशी: 0 नंबर 47 बाय 15 मिमी, 10 नंबर 53 बाय 19, 20 नंबर 56 बाय 23. जाडी सगळ्यांची साधारण 4 मिमी. बीच लाकूड दाबून करतात, त्यामुळे गोंदातलं पाणी पिऊन ते फुगतं आणि खाचेत गच्च बसतं. एक हातात घेऊन नीट बघा, रेषे तिरपे दिसतील. सरळ असते तर जोडाच्या ओळीत सुपारीसारखं दुभंगलं असतं.

तुम्हाला 20 नंबर. दर सहा ते आठ इंचांवर एक, टोकापासून दोन-तीन इंच आत. सात फळ्या म्हणजे सहा जोड. प्रत्येकी आठ धरलीत तर 48. शंभराचं पाकीट घ्या, थोडी खेळण्यात जातात.

---

ओटीवरचा_झोपाळा

पाचर यांच्या पहिल्या परिच्छेदाला +१, बाकीच्याला नाही.

माझे बाबा सुतार. कणकवलीकडे चाळीस वर्षं दारं, पाट, देव्हारे केले. बिस्किट हा शब्द त्यांच्या लेखी फक्त चहाबरोबरचा. दोन फळ्या जोडायच्या तर ते त्या पुस्तकासारख्या मिटून, दोन्ही कडा वर करून शिकंज्यात धरायचे आणि एकदमच रंधा मारायचे. त्यात खुबी आहे. रंधा एका बाजूला अर्धा अंश कलला तरी दोन्ही कडांना उलटसुलट तितकाच कल येतो आणि पुस्तक उघडलं की कोन एकमेकांना खातात. वरचा चेहरा सपाटच राहतो.

मग एक फळी दुसरीवर उभी ठेवायची, मागे कंदील. दरजेतून उजेड दिसला की परत रंधा. मला सहा-सात वर्षांचा असताना एवढंच काम होतं, कंदील धरायचा आणि 'दिसतो' किंवा 'नाय दिसत' म्हणायचं. एकदा कंटाळून खोटंच 'नाय दिसत' म्हटलं. तो पाट अजून घरात आहे. मधोमध दरज आहे, पोस्टकार्ड जाईल एवढी. बाबा कुणालाही पाट दाखवताना तिथे बोट ठेवतात.

फळ्या सरकू नयेत म्हणून ते बांबूच्या खुंट्या घालायचे, जोडाला तीन. भोकं गिरमिटाने. मशीन नाही, वीज नाही.

---

अर्धवट_सुतार

झोपाळादादा, कंदिलाचा किस्सा भारीच. पुस्तकवाली युक्ती आजच करून बघतो. पण माझा हात अर्धा अंश नाही, पाच अंश कलतो.

---

ओटीवरचा_झोपाळा

पाच कलला तरी दुसऱ्या फळीला उलट पाचच येणार. फक्त गोंद लावल्यावर उतारावरून घसरतील. तेव्हा दोनच्या आत ठेवा.

---

रोखठोक_नाना

हे सगळं वाचून हसू येतं. दहा हजारांचं मशीन, हजारांचे क्लॅम्प, बायकोची बोलणी वेगळी. इतक्यात सुतार बोलवा, चार दिवसांत टेबल हजर. मी मागच्या वर्षी अस्सल सागवानी करून घेतलं. मी नुसता खुर्चीत बसून पेपर वाचला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण अक्कल असावी.

---

चौकट_राणी

नाना, तुम्ही क्रिकेटचा धागा चुकून इकडे आलात का? तिथेही 'स्वतः कशाला खेळता, टीव्हीवर बघा' असं सांगून या. (हलके घ्या.)

मूळ प्रश्नाकडे. मी चिपळूणला घरामागच्या पडवीत फर्निचर करते, मशीन पाच वर्षं वापरतेय. कोणी सांगत नाही ते सांगते. बिस्किटं मऊ पडतात. विनोद नाही. पहिल्या पावसाळ्यात पाकीट उघडं ठेवलं. ऑगस्टमध्ये कपाट करायला घेतलं तर एकही बिस्किट खाचेत जाईना. व्हर्नियरने जाडी मोजली. आणलं तेव्हा 3.8 होतं, ते 4.2-4.3 झालेलं. खाच 4 ची. हातोडीने ठोकलं तर फळीचा पातळ ओठ फुटला, तोही दर्शनी बाजूचा.

तेव्हापासून बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. बाहेर मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये', कारण भाचा. फुगलेली परत आणायची तर ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवते, बऱ्यापैकी उतरतात. अगदी पहिल्यासारखी होत नाहीत.

दुसरं म्हणजे गोंद. नुसता बिस्किटाला फासू नका. खाचेच्या दोन्ही भिंतींना आणि कडेला लावा. चपट्या आइस्क्रीमच्या काडीने छान जातो. आधी सगळं कोरडं जुळवून, क्लॅम्प आवळून बघा, मग सोडवून गोंद. बिस्किट एकदा फुगलं की फळी मागे येत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात गोंदावर पाच-सात मिनिटांत साय धरते. सात फळ्या एकदम करू नका. तीन आणि चार असे दोन गट करा, दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना जोडा.

आणि तिसरं: जोडल्यावर लगेच काचपेपर मारू नका. आठवडाभर तरी थांबा.

---

चीज_आणि_ठेचा

स्वित्झर्लंडमधल्या बासेलहून हजेरी. हे बिस्किट आमच्या शेजारच्या गावचं, म्हणून तोंड घालतो. लीस्टालला हर्मन श्टाइनर नावाच्या सुताराची कार्यशाळा होती. 1950च्या दशकाच्या मध्यावर त्याने ही चकती शोधली. तेव्हा भुशाचे दाबलेले बोर्ड बाजारात नुकते येऊ लागले होते आणि त्यात कुसू-खाचेचा (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) जुना सांधा नीट बसत नव्हता. बोर्डाला रेषेच नाहीत, कुसू धरणार कशाला? चकतीला जर्मनमध्ये लॅमेले म्हणतात, त्यावरून कंपनीचं नाव लॅमेलो. हातात धरायचं मशीन साठीच्या दशकाच्या अखेरीस आलं. कंपनी अजून आहे, जवळच बुबेनडॉर्फला.

म्हणजे बिस्किटाचा जन्म अशा पार्टिकल बोर्डाच्या कपाटांसाठी. झोपाळादादांच्या बाबांना ते लागलं नाही यात नवल नाही.

---

खाऱ्या_शेंगा

स्विस लोकांनी चॉकलेट दिलं, चाकू दिला, आता बिस्किटही. उपाशी मरणार नाही कोणी.

---

टोच्या

एक गंभीर सूचना. बाजारात ॲंगल ग्राइंडरला लावायचं बिस्किट खाचेचं अटॅचमेंट स्वस्तात मिळतं. मी घेतलं. ग्राइंडर चार इंची, अकरा हजार फेरे, वर दातेरी पातं. लाकडावर टेकवायचा पत्रा इतका लेचापेचा की पातं खाचेत जाताना सगळं यंत्र लाकडावरून एका बाजूला चाललं. डाव्या अंगठ्याशेजारी चार टाके. खाच मात्र केळ्याच्या आकाराची झाली.

खऱ्या जॉइनरमध्ये पातं घरात लपलेलं असतं, ढकललं तरच बाहेर येतं आणि सोडलं की स्प्रिंगने आत जातं. पुढे रबर किंवा टोकदार पिना असतात, यंत्र सरकत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर राउटरला (खाचा कोरायच्या यंत्राला) 4 मिमीचं खाचेचं बिट लावा किंवा सरळ डोव्हेल करा. पण ग्राइंडरला दातेरी पातं लावू नका.

आणि जुनं लाकूड आहे ना? खाच मारण्याआधी कडेवरून चुंबक फिरवा. माळ्याच्या फळीत मोडलेला खिळा असतोच असतो.

---

मी_फक्त_वाचते

पहिल्यांदाच लिहितेय. चार टाके वाचून माझा नवरा शांतपणे खरेदीच्या पानावरून उठला. धन्स टोच्या.

---

तळघरवाला

न्यू जर्सी. इकडे थंडीत हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की चौकट_राणींच्या उलट दुखणं, बिस्किटं खाचेत खुळखुळतात.

माझी फजिती ऐका. टेबलटॉप जोडला, टोकं करवतीने एका रेषेत कापली आणि दोन्ही बाजूंनी कापलेल्या कडेत बिस्किटांचे काप! पांढरट तुकडा, तपकिरी अक्रोडाच्या लाकडात. टोकापासून दोन इंच मोजले होते, पण कापायच्या आधीच्या टोकापासून. बायको पाहुण्यांना ती 'इनले डिझाइन' म्हणून दाखवते. तेव्हा कापायची रेघ आधी मारा. कोपरे गोल करणार असाल तर तेही आधी आखा, बिस्किटं त्याच्या आत ठेवा.

आणखी एक. सगळ्या फळ्या जमिनीवर क्रमाने मांडून वरच्या चेहऱ्यावर खडूने एक मोठा त्रिकोण काढा, सगळ्यांवरून जाणारा. उचलाउचलीत कुठली फळी कुठली आणि वरची बाजू कोणती हे विसरत नाही. मशीनची पट्टी नेहमी त्याच चेहऱ्यावर टेकवा. एक खाच वरून मोजली आणि समोरची खालून, की संपलं.

---

ओटीवरचा_झोपाळा

त्रिकोण आमच्या बाबांचाही. ते गेरूने काढायचे आणि त्याला गणपती म्हणायचे. 'गणपती उलटा झालो, बघ.'

---

वऱ्हाडी_वाघूळ

काय बाप्पा, सागवानाचं बोलून राह्यले अन् आमचं नाव नाही? सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आमचं जुनं नाव. आलापल्लीचा साग, बल्लारशाचा डेपो. अयोध्येच्या मंदिराचं लाकूडही 2023 साली बल्लारशाहूनच गेलं.

कामाचं सांगतो. साग तेलकट असते. ताजी रंधलेली कड असेल तर गोंद धरते, पण चार दिवस तशीच ठेवली की तेल वर येते. रंधा मारला त्याच दिवशी जोडा, नाही जमलं तर कड थिनर किंवा ॲसिटोनने पुसून, वाळू देऊन मग गोंद. काहून म्हणता जोड सुटला म्हणून!

---

रोखठोक_नाना

एका टेबलावर इतकी चर्चा. विश्रामबागवाड्याला लागली नसेल.

---

पाचर

नाना, विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे खांब बघितलेत? ते कोरणाऱ्यांनी चार दिवसांत काम दिलं नसेल एवढं नक्की.

अर्धवट_सुतार, निर्णय काय? माझं मत विचाराल तर एका टेबलासाठी विकत घेऊ नका. पुढे कपाटं, शेल्फं, प्लायची कामं करणार असाल तर घ्या. तिथे 45 अंशांचे कोपरे आणि फळीच्या मध्यात उभे जोड आले की मशीन स्वतःची किंमत वसूल करतं.

---

अर्धवट_सुतार

(सहा आठवड्यांनी)

मंडळी, वृत्तांत. उशीर झाला, कारण सोसायटीत 'दुपारी दोन ते चार आवाज नको' आणि मला वेळ नेमका दोन ते चार.

मशीन घेतलं नाही. भांडुपच्या एका मित्राच्या कारखान्यातून दोन रविवारांसाठी मागून आणलं. आणि ठरवून एक प्रयोग केला. सहा जोडांपैकी तीनांत बिस्किटं, तीन नुसत्या गोंदाचे. कडा सगळ्या झोपाळादादांच्या पुस्तक पद्धतीने. कंदिलाऐवजी मोबाइलचा टॉर्च, धरायला मुलगी. खोटं बोलायला तिला आधीच मनाई केली होती.

चुंबकाला तीन खिळे सापडले. टोच्या, तुमचे उपकार.

बिस्किटांच्या जोडांवर नख फिरवलं तर जेमतेम लागतं. नुसत्या गोंदाचे दोन चांगले आले. तिसरा एका टोकाला जवळपास एक मिमी वरखाली, कारण त्या फळीला पीळ होता आणि आवळताना मी एकटा. तो उतरवायला रंध्याने पाऊण तास गेला.

उरलेल्या तुकड्यांचे दोन नमुनेही जोडले होते, एक बिस्किटाचा, एक बिनबिस्किटाचा. चार दिवसांनी पायरीवर ठेवून पाय दिला. दोन्ही जोडाशेजारून फाटले, गोंदाची रेघ शाबूत. पाचर बरोबर होते.

आता रड. काल संध्याकाळी तेलाचा पहिला हात दिला. रात्री दिवाणखान्याचा दिवा बंद केला तर बाल्कनीतल्या बल्बचा तिरपा उजेड टेबलावर पडला आणि तीन जोडांवर ओळीने लंबगोल खळगे! हात फिरवला तर लागतात न लागतात, पण डोळ्याला स्पष्ट. दर सात इंचांवर एक. मोजले, चोवीस. काय झालं हे?

---

चौकट_राणी

जोडल्यावर किती दिवसांनी काचपेपर मारलात?

---

अर्धवट_सुतार

दुसऱ्या दिवशी.

---

चौकट_राणी

तिसरा मुद्दा. माझा तिसरा मुद्दा वाचलाच नाहीत.

---

पाचर

झालं असं. गोंदातलं पाणी बिस्किटाने प्यायलं आणि आजूबाजूच्या लाकडानेही. खाचेच्या वरचा आठ-नऊ मिमीचा थर फुगून किंचित वर आला. तुम्ही तेव्हाच घासून सगळं सपाट केलंत, म्हणजे फुगवटा कापलात. पुढच्या दिवसांत पाणी उडालं, लाकूड परत खाली बसलं आणि कापलं तेवढा खळगा राहिला. नुसत्या गोंदाच्या जोडांवर तसं नाही ना? तिथे एवढं पाणी एका जागी साचत नाही.

घाबरू नका. आता सहा आठवडे झालेत, पाणी उडून गेलंय. तेल पूर्ण वाळू द्या, मग सपाट ठोकळ्यावर 120 नंबरचा काचपेपर लावून पुन्हा एक हात. खळगे दशांश मिमीचेच असतात. बोटांनी घासू नका, बोट खळग्यात उतरतं. तिरपा दिवा लावूनच काम करा.

---

खाऱ्या_शेंगा

चोवीस खळगे म्हणजे चोवीस वाट्या. चटणी, कोशिंबीर, लोणचं. पंगतीचं टेबल झालं की.

---

अर्धवट_सुतार

शेंगा, हे वाक्य आईने वाचलं. आता ती घासू देत नाहीये.

---

रोखठोक_नाना

एक विचारायचं होतं. धागा वर आलाच आहे म्हणून. माझ्या त्या सागवानी टेबलाला मधोमध उभी चीर गेली आहे. मे महिन्यात केस एवढी होती, आता पत्त्याचं पान जाईल एवढी. बनवणारा फोन उचलत नाही. यात बिस्किट घालून चालेल का?

---

ओटीवरचा_झोपाळा

नाना, चीर जोडावर आहे की फळीच्या अंगात? आणि टेबलाखाली वाकून बघा, वरचा तक्ता खालच्या चौकटीला कसा धरलाय?

---

रोखठोक_नाना

जोड सोडून, फळीच्या अंगात. खाली चारही बाजूंनी स्क्रू. भरपूर मारलेत, मजबूत काम आहे.

---

पाचर

तिथेच गोम आहे. सागासारखं शांत लाकूडही रुंदीत हलतं. माझं 750 मिमी रुंदीचं टेबल एप्रिल आणि ऑगस्टमध्ये मोजलं तर जवळपास चार मिमीचा फरक येतो. लांबीत काही नाही, सगळं रुंदीत. तुमच्या तक्त्याला चारही बाजूंनी जखडल्यामुळे आकसायला जागा नाही, म्हणून तो कमजोर जागी फाटला. बिस्किट घालून पुन्हा जखडलंत तर शेजारी दुसरी चीर जाईल.

आधी सगळे स्क्रू काढा. रुंदीच्या मध्यावरचे दोन तसेच परत लावा. बाकीच्यांची चौकटीतली भोकं कानशीने लांबट करा, तक्त्याच्या रुंदीच्या दिशेने, आणि स्क्रू वॉशर घालून हलका आवळा. तक्ता मोकळा झाल्यावर चीर किती मिटते ते पावसाळ्यात बघा. उरलीच तर सागाची बारीक पट्टी गोंद लावून बसवू.

---

रोखठोक_नाना

सोळा स्क्रू आहेत. चौदा निघाले. दोघांची डोकी घासली गेलीत, पेचकस फिरतोय नुसता.

---

टोच्या

पेचकसाच्या टोकाखाली रुंद रबरबँड धरून दाबून फिरवा. नाही निघाला तर डोक्यात ड्रिलने भोक पाडून डोकं उडवा, उरलेला दांडा पकडीने. ग्राइंडर लावू नका.

---

रोखठोक_नाना

एक रबरबँडने निघाला. दुसऱ्यासाठी ड्रिल कोणाकडे आहे का? डोंबिवली पूर्व.

---

अर्धवट_सुतार

रविवारी येतो नाना. चहा ठेवा. बिस्किटं मी आणतो.